डाव्या हाताचा गृहपाठ

सहा वर्षांच्या मुलांना गृहपाठ देऊ नये, असं माझं ठाम मत आहे. हे मत मी आमच्या जयेंद्रगंज मोहल्ल्यात भेटेल त्याला ऐकवतो, मग तो ऐकायला थांबलेला असो की भाजी घ्यायला. माझी बायको लीला म्हणते, तुम्ही दिसलात की लोक रस्ता ओलांडतात. ओलांडू देत. ओलांडणाऱ्यांच्याही सह्या मी पलीकडे जाऊन घेतल्या आहेत.

अशा त्रेचाळीस सह्या झाल्या होत्या. शाळेच्या प्रिन्सिपॉलना द्यायचा अर्ज मी स्वतः लिहिला, हिंदीत, काळ्या शाईनं. मी लोकनिर्माण विभागात चौतीस वर्षं ड्राफ्ट्समन होतो. पुलांच्या नकाशांवर नावं घालायचं काम माझ्याकडे असे, आणि एका चीफ इंजिनिअरनं माझं अक्षर बघून 'हे छापलं कुठे?' असं विचारलं होतं. ही बढाई नाही. म्हणजे थोडी आहेच, पण पुढे जे झालं ते या अक्षरामुळेच झालं.

यशश्री माझी नात, पहिलीत आहे. तिचा बाप शंतनु बँकेत आणि आई अपर्णा हॉस्पिटलच्या लॅबमध्ये. दोघं सातच्या आत घरी येत नाहीत, त्यामुळे दुपारपासून पोर आमच्याकडे. आणि तिच्याबरोबर तिचा गृहपाठ. हिंदी सुलेख एक पान, इंग्रजी दोन पानं, शिवाय शंभर ते एक उलटे आकडे. उलटे! सरळ मोजले तर काय बिघडतं, हे शाळेनं आजवर मला सांगितलेलं नाही.

जुलैत एकदा संध्याकाळी ती वहीवरच झोपून गेली. खाली राघव आणि बाकीची मुलं ओरडत होती, 'यशू, आजा, बॅटिंग दे रहे हैं!' आणि ही बासष्टवर डोकं टेकून गाढ. उचलली तर गालावर पेन्सिलीचा काळा डाग. मी तिला पलंगावर ठेवली, वही ओढली आणि एकसष्टपासून एकपर्यंत पाच मिनिटांत लिहून काढलं. सुलेखही करून टाकला.

दुसऱ्या दिवशी वहीत लाल शाईत शेरा: 'यह बड़ों ने लिखा है। बच्चे से कराएँ।'

चीफ इंजिनिअरनं वाखाणलेल्या अक्षराखाली लाल रेघ! मला राग आला, तो काही गृहपाठ केल्याचा पश्चात्ताप म्हणून नव्हे. पकडलो गेलो याचा आला. त्या संध्याकाळी मी पेन्सिल डाव्या हातात घेतली.

डाव्या हातानं मी जन्मात कधी नाव लिहिलं नव्हतं. रेघेवर बसेना, 'क' चं पोट सुटायचं. अगदी सहा वर्षांच्या मुलासारखं अक्षर. दुसऱ्या दिवशी पानाखाली सोनेरी स्टार चिकटवलेला. आणि 'बहुत अच्छे यशश्री!'

मी खूष झालो हे कबूल करतो. एकाहत्तराव्या वर्षी स्टार मिळणं काही वाईट नसतं. मग मी त्यात नकाशासारखं नियोजनच केलं. मूल आहे, एकदम सुधारणार नाही. ऑगस्टमध्ये अक्षर रेघेवर येईल, सप्टेंबरात मात्रा सरळ होतील, दिवाळीपर्यंत दोन शब्दांत नीट अंतर. तसंच होत गेलं. पाटणकर बाजारातून मी मुद्दाम जाड शिशाच्या पेन्सिली आणल्या, डाव्या हाताला त्या बऱ्या पडतात. स्टार येत राहिले.

यशू सगळा वेळ माझ्या गुडघ्याला टेकून बसलेली असे. मुरमुरे खायची, राघवनं कोणाला ढकललं ते सांगायची, मधेच गप्प होऊन माझ्या हाताकडे बघायची. मग अर्ध्या तासात खाली खेळायला. मला वाटे, पोरीला मी तिचं लहानपण मिळवून दिलं. एका हातानं अर्ज आणि दुसऱ्या हातानं गृहपाठ, असा माझा शाळेशी लढा चालला होता. लीलाला सगळं ठाऊक होतं. अपर्णाला नव्हतं. ती सूनबाई चांगली आहे, पण शिस्तीची आहे.

दिवाळीच्या सुटीनंतर अपर्णाच्या फोनवर शाळेचा मेसेज आला की यशश्रीच्या लिहिण्याबद्दल बोलायचं आहे, येऊन भेटा. "बाबा, माझी ड्यूटी आहे, यांची ऑडिटची गडबड. तुम्ही जाऊन याल का?" तिनं विचारलं. मी आनंदानं तयार झालो. अर्ज घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवला. म्हटलं, जातोच आहे तर देऊन टाकू.

वर्गशिक्षिका सोनिका मॅडम आमच्यातल्याच निघाल्या, शहराच्या लष्कर भागातल्या जुन्या मराठा घराण्यातल्या. तरुण, बोलायला मोकळ्या.

"बसा ना काका. टेन्शन नका घेऊ, काही गलत नाही झालंय," त्या म्हणाल्या. "यशश्री लेफ्टी आहे, तुम्हाला मालूम आहे ना?"

"कोण?"

"यशश्री. तीन हफ्ते झाले, क्लासमध्ये डाव्या हातानेच लिहिते. पहिले उजव्याने लिहायची. मला आधी वाटलं मस्ती करते. मग मी होमवर्कची कॉपी पाहिली." त्यांनी ओळखीची वही उघडली. "हे बघा. जुलैपासून सगळं डाव्या हाताचं आहे. शिसं कसं घासलं गेलंय बघा, हात वरून सरकतो ना. म्हणजे घरी ती आपल्या मनाने डाव्याने लिहिते, आणि इथं बेचारी घाबरून उजव्याने लिहीत होती. काका, बुरा नका मानू, पण घरी कोणी तिला जबरदस्ती करतं का? उजव्यानेच लिही म्हणून?"

चौतीस वर्षांच्या नोकरीत मला कोणी इतक्या सभ्यपणे कोपऱ्यात गाठलं नव्हतं.

मॅडमनी एक फॉर्म पुढे सरकवला. मूल डावखुरं असल्याचं शाळेच्या नोंदीत घेण्याची पालकांची संमती. तिला बाकावर डाव्या टोकाला बसवतील, कात्री वेगळी देतील, उजव्या हातानं लिहायला कोणी सांगणार नाही. सगळी योजना अतिशय चांगली होती. फक्त मुलगी डावखुरी नव्हती. ती डाव्या हातानं चेंडूसुद्धा फेकत नाही.

"आणि ही क्लासची कॉपी," मॅडम म्हणाल्या.

वर्गातली वही मी कधी उघडलीच नव्हती. सुरुवातीची पानं उजव्या हाताची होती. अक्षर लहान, जरा पडलेलं, पण 'य' ला तिनं स्वतःच शोधून काढलेली एक शेपटी होती. एकाही पानावर स्टार नव्हता. नुसती बरोबरची खूण, फार तर 'ठीक'. शेवटच्या तीन आठवड्यांत अक्षराचा चेंदामेंदा झाला होता.

मी म्हटलं, तिला बोलवा. यशू आली, मला बघून हसली.

"यशू, तू डाव्या हातानं का लिहितेस गं?"

तिला प्रश्नच सोपा वाटला. "डावा हात अच्छा असतो ना आजोबा. त्याला स्टार मिळतो." मग तिनं उजवा हात पुढे करून मला दाखवला. "हा माझावाला बेकार आहे. ह्याला कधीच नाही मिळत."

खिशातल्या अर्जाचं पहिलं वाक्य मला पाठ होतं. 'गृहकार्य से इस आयु के बच्चे कुछ नहीं सीखते।' पोर चार महिने माझ्या गुडघ्याशी बसून शिकत होती, आणि काय शिकली, तर स्वतःचा हात बेकार आहे. मला इतकी लाज वाटली की फॉर्मवर सही करून तिथून पळ काढावा, असंही क्षणभर मनात येऊन गेलं. कोणाला कळलं नसतं. यशू जन्मभर डाव्या हातानं लिहीत राहिली असती, आणि माझी इज्जत शाबूत राहिली असती.

मी टेबलावरची पेन्सिल उचलली, डाव्या हातात धरली आणि फॉर्मवर जिथे मुलीचं नाव घालायचं तिथे लिहिलं, 'यशश्री'.

मॅडम वाकून बघत राहिल्या. त्यांनी गृहपाठाची वही शेजारी ठेवली. "हे तर तिचं अक्षर आहे."

"माझं आहे," मी म्हटलं. "जुलैपासूनचं."

त्या आधी हसल्या, मग यशूकडे बघून थांबल्या. तिला त्यांनी वर्गात पाठवलं आणि फॉर्मचे दोन तुकडे केले. "काका, आता तुमच्यापासून काय लपवायचं. माझ्या मुलाचं, समरजीतचं होमवर्क मी पण करते. पण मी उजव्याच हाताने करते हो." नंतर त्यांची नजर माझ्या खिशाकडे गेली. "आणि हा कागद? मला द्यायचा होता का?"

"नाही, नाही," मी म्हटलं आणि अर्ज आणखी खाली दाबला.

घरी लीलाला सगळं सांगितलं. ती ऐकून घेत मटार सोलत होती. "त्या त्रेचाळीस सह्यांतल्या," तिनं विचारलं, "उजव्या हाताच्या किती?" अपर्णाला मात्र मी अजून सांगितलेलं नाही. योग्य वेळ आली की सांगणार आहे.

त्या संध्याकाळी गृहपाठ होता 'मेरे दादाजी', पाच वाक्यं. यशूला मी सांगितलं की आजपासून हे उजव्या हाताचं काम आहे, आणि तुझ्याच. तिला पटलं नाही, पण तिनं लिहिलं. सव्वा तास लागला. खोडरबरानं कागद दोन ठिकाणी फाटला, राघव खालून तीनदा हाक मारून गेला. शेवटचं वाक्य होतं, 'मेरे आजोबा दोनों हाथ से लिखते हैं।' मला ते पान फार आवडलं. 'य' ची शेपटी परत आली होती.

दुसऱ्या दिवशी वही आली. तीन चुकांना लाल गोल होते, खाली 'ठीक'. स्टार नव्हता. मॅडमचा राग येऊन उपयोग नव्हता. त्यांच्यापुढे पन्नास वह्या, त्यांतल्या एकोणपन्नास आयांनी, काकांनी आणि ट्यूशनवाल्यांनी लिहिलेल्या. मुलानं लिहिलेली ही एकच, म्हणजे सगळ्यांत वाईट हीच असणार.

यशूनं जिथे स्टार असतो तिथे बोट ठेवलं. "बघा. मी बोलले होते ना." मग पेन्सिल माझ्यापुढे धरली. "आज तुम्ही करा ना आजोबा. डाव्यानं."

मी इतक्या लोकांना इतक्या गोष्टी नाकारल्या आहेत, पण एवढं जड मला काही गेलं नव्हतं. हात शिवशिवत होता. दोन मिनिटांचं काम होतं, आणि पोरीचा चेहरा लगेच उजळला असता.

"नाही," मी म्हटलं. "तुझं अक्षर मला वाचायचंय. माझं मी खूप वाचलंय."

तिनं पेन्सिल टाकून दिली. ती आमच्या दोघांच्या मधे वहीवर पडून होती. शेवटी तिनं ती उचलली, उजव्या हातानं.

"पण तुम्ही इथंच बसायचं. आणि बिलकुल हात नाही लावायचा." मग तिला खात्री वाटली नाही. "फोल्ड युवर हँड्स. फिंगर ऑन युवर लिप्स."

मी हाताची घडी घातली आणि तोंडावर बोट ठेवलं. नव्याण्णव चुकलं, अठ्ठ्याण्णव चुकलं, मला दोन्ही दिसत होतं. सात वाजून गेले. अपर्णा आली, पर्स ठेवता ठेवता थबकली.

"बाबा, असे का बसलात?"

यशूनं वहीतून वर बघितलं नाही. "आजोबांना पनिशमेंट आहे," ती म्हणाली आणि सत्याऐंशी लिहू लागली.

अपर्णा माझ्याकडे बघत उत्तराची वाट पाहत उभी राहिली. मी बोट काढलं नाही.