दोन पत्त्यांचा एमिल

सुज्ञ वाचकहो, पेनसिल्व्हेनियातील आमच्या कोळशाच्या खोऱ्यात एका सत्पुत्रास आईचे घर राखण्यासाठी काय गमवावे लागले, ते मी यथामती, परंतु यथार्थ निवेदन करणार आहे.

माझा मित्र एमिल हुडाक हा आमच्या गावच्या स्वयंसेवक अग्निशमन दलाचा प्रमुख. त्याच्या मातोश्री वेरोनाबाई यांना विस्मृतीने ग्रासले, तेव्हा तो ओढ्यापलीकडे, शेजारच्या गावात, त्यांच्या घरी राहावयास गेला. तीन वर्षे त्याने त्यांना न्हाऊ घातले, घास भरवले. आमच्या गावचा आगीचा भोंगा वाजला की ती भान हरपलेली माउलीसुद्धा ओरडे, "एमिल, बूट घाल! कुणाचं तरी घर जळतंय!"

परंतु दलाचा नियम असा की, सभासदाने गावातच राहिले पाहिजे. म्हणून एमिलने कागदोपत्री पत्ता माझ्या घराचा ठेवला. आमच्याकडे असे पुष्कळ जण करतात. त्यात कुणास पाप वाटत नाही.

पुढे वेरोनाबाई पडल्या, खुब्याचे हाड मोडले आणि शुश्रूषागृहावाचून उपाय उरला नाही. तेथील अफाट खर्च मेडिकेडने, म्हणजे गरिबांसाठीच्या सरकारी साहाय्याने, उचलावा म्हणून आम्ही दोघे वकीलबाई ट्रॅव्हर्स यांच्याकडे गेलो.

त्या म्हणाल्या, "घर असंच कुणाला देऊन टाकलंत, तर मदत अडेल. आईच्या नावावर ठेवलंत, तर त्यांच्या मागे सरकार आपला खर्च त्यातून वसूल करेल. पण आई शुश्रूषागृहात जाण्याआधीची दोन वर्षं जो मुलगा तिथेच राहून तिचं करत होता, त्याला घर देता येतं. तुम्ही तिथेच राहत होतात ना?"

"मग! दुसरीकडे कुठे?"

"आणि लायसन्सवरचा हा पत्ता कुणाचा?"

एमिलने माझ्याकडे पाहिले.

"माझा," मी म्हणालो. "पण बाई, हा माझ्याकडे एक रात्रसुद्धा झोपलेला नाही. नुसता माझी बिअर संपवायला यायचा."

"हे शपथेवर लिहून द्याल?"

गाडीत एमिलने लायसन्स काढून त्यावरचा पत्ता पुन्हा वाचला. मग म्हणाला, "ऑगी, तू लिहून दिलंस की दलातून मी गेलो."

"आणि नाही दिलं तर राहशील कुठे? माझ्याकडे? बायको आधी मलाच बाहेर काढेल."

तो हसला नाही. "आई रोज विचारते, घरी कधी जायचं. घरच गेलं तर काय सांगू तिला? लिही तू."

मी लिहिले. एमिलने केले म्हणूनच आई इतके दिवस घरी राहू शकली, असा डॉक्टरांनीही दाखला दिला. घर एमिलच्या नावावर झाले. त्यानंतर ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळातल्या, मांस वर्ज्य पण मासे चालतात अशा एका शुक्रवारी, दलाच्या सभागृहात निधीसाठी मासे तळण्याची गडबड चालू असताना, तो स्वतःच जाऊन सारे सांगून आला.

उपप्रमुख रुस्नाकने तळणीवरून मान वर केली नाही. "चीफ, आम्हाला ठाऊक होतंच रे. पण आता कागदावर आलं. हेल्मेट ठेवून जा."

गेल्या रविवारी आम्ही गावाजवळच्या त्या शुश्रूषागृहात वेरोनाबाईंपाशी बसलो होतो. अकस्मात भोंगा वाजला.

"एमिल, बूट घाल!" वेरोनाबाई ओरडल्या.

तो मुकाट्याने उठून बाहेर गेला. शुश्रूषागृहाच्या गाड्या लावण्याच्या आवारात थंडीत एकटा उभा राहिला. बंब समोरून निघून गेला. कुणी हात केला नाही. थोड्या वेळाने तो आत आला व आईजवळ बसला.

"विझली, आई," तो म्हणाला.

वाचकहो, आपण हे धीराने वाचलेत, याबद्दल मी आपला आभारी आहे.

आपला नम्र,
ऑगस्टिन बेरेश, वेल्डर