धोट्याला लावलेले ओठ

बल्लारपूरच्या रस्त्याला लागून असलेल्या त्या जुन्या कापड गिरणीचे आता तीनच अवशेष शिल्लक होते: विटांची उंच चिमणी, दगडी कमान आणि कमानीशेजारच्या शेडमध्ये ठेवलेला एकुलता एक माग. बाकी सारी गिरणी दोन वर्षांपूर्वी जेसीबीने भुईसपाट केली होती. उरलेल्याभोवती स्मारक समितीने कुंपण घातले होते आणि उद्या सकाळी तेथे माहितीफलकाचे अनावरण व्हायचे होते.

हयात कामगारांपैकी हिंडते-फिरते असे दोघेच उरले होते. चौऱ्याऐंशी वर्षांचा लहानू आणि त्याच्याहून दोन वर्षांनी थोरला देवाजी. समितीचे सचिव श्रीहरी हे देवाजीचे पुतणे. त्यांनी दोघांनाही फोटोसाठी बोलावून घेतले होते.

"लहानूभाऊ, धोटा हातात घ्या अन् मागापाशी उभे राहा. खाली लिहू, गिरणीचे जुने विणकर."

"त्याचा काय फोटो काढतं गा," देवाजी खिदळला, "तोंडात एक दात नाई त्याच्या. माह्या काढ."

लहानू मात्र हसला नाही. "मी विणकर नाई, बाबू. मी कताईत होतो. विणाईत मले कोनी येऊ देलं नाई."

श्रीहरी गोंधळले. "काऊन?"

कारण मागावर आडवा धागा इकडून तिकडे नेणाऱ्या त्या लहानशा लाकडी धोट्यातच दडलेले होते. धोट्यातली सुताची कांडी संपली की विणकर नवी कांडी घाली, छिद्राला ओठ लावी आणि श्वास ओढून धागा बाहेर काढी. तोच धोटा पुढच्या पाळीचा विणकर ओठांना लावी. लहानूने पंधराव्या वर्षी बापाबरोबर चांद्याला, म्हणजे आताच्या चंद्रपूरला, धम्मदीक्षा घेतली होती. त्याच्या आजाच्या घरी खड्ड्यातला माग होता आणि विणकाम त्याच्या हाडात होते. एकसष्ट साली त्याने विणाई खात्यासाठी अर्ज केला, तेव्हा विणकरांनी माग बंद ठेवले. याचा उष्टा धोटा आम्ही तोंडाला लावायचा काय, असे ते म्हणाले. अर्ज परत आला. पुढे हाताने धागा ओवण्याचे धोटे आले आणि ती मनाई आपोआप गळून पडली. कुणी ती उठवली म्हणून नव्हे. तोवर लहानूचे केस पांढरे झाले होते.

त्याने भिंतीला टेकवलेल्या फलकाकडे बोट दाखवले. शेजारीच ब्रश घेऊन बसलेल्या पोचू पेंटरने त्यावर सुबक अक्षरांत रंगवले होते: 'येथे सर्व जातिधर्मांचे कामगार खांद्याला खांदा लावून कापड विणत.'

"हे खोटं हाय. याच्या खाली खरं ते एक वाक्य लिवा. मंग पायजे तेवढे फोटो काढा."

"भाऊ, उद्या पाहुणे येऊन राह्यले. वाईट दिसते ते. जुनी गोष्ट हाय, सोडा ना."

"जुनंच लिवून राह्यले ना तुम्ही? मंग माहं काऊन सोडता?"

लहानू मागाजवळ गेला. दाखवण्यापुरती सुताची कांडी धोट्यात घातलेलीच होती. त्याने तो जुना धोटा उचलला, छिद्राला आपले बोळके तोंड लावले आणि जन्मात प्रथमच श्वास आत ओढला. पहिल्यांदा नुसता खोकलाच आला. दुसऱ्यांदा धाग्याचे टोक ओठांवर आले. त्याने ते बोटांनी मागे सारले आणि ओला धोटा श्रीहरींपुढे धरला.

"आता तुम्ही."

श्रीहरींचा हात पुढे आला आणि अर्ध्यावरच थबकला. "तसं नाई भाऊ... कोरोना होऊन गेला ना, म्हनून..."

"तवा तं कोरोना नव्हता," लहानू शांतपणे म्हणाला.

पोचूने ब्रश डब्यात ठेवून दिला. तेवढ्यात बाकावर बसलेला देवाजी काठीच्या आधाराने उठला. चार पावले टाकायला त्याला बराच वेळ लागला. त्याने लहानूच्या हातातून धोटा घेतला, न पुसताच ओठांना लावला आणि भात्यासारखा श्वास ओढला. त्याची छाती कापसाच्या धुळीने केव्हाच खाल्ली होती. डोळ्यांत पाणी आले, तरी त्याने धागा बाहेर काढूनच धोटा खाली ठेवला.

"श्रीहरी, लिव," तो धापा टाकत म्हणाला. "एकसष्ट साली माग बंद केले त्यात मी होतो. पयला माग मीच थांबवला."

"काका, तुमी..."

"लिव म्हनतो ना!"

श्रीहरींनी खिशातून कागद काढला. ते वाक्य त्यांनी दोनदा खोडले आणि तिसऱ्यांदा लिहून मोठ्याने वाचून दाखवले: 'विणाई खात्यात अस्पृश्य मानलेल्या कामगारांना धोट्याला ओठ लावू दिले जात नव्हते, म्हणून त्यांना कापड विणू दिले गेले नाही.' लहानूने मान डोलावली. पोचूने फलक आडवा केला आणि खालच्या रिकाम्या जागेत पट्टीने रेघ आखायला घेतली.

देवाजी लहानूच्या बाजूला बाकावर टेकला.

"लहान्या," देवाजी हलकेच म्हणाला, "माहं नाव टाकाले सांगू काय त्याच्यात?"

लहानूने विचार केला.

"नको टाकू," तो म्हणाला. "तू एकटा नव्हता."