दारापाशची सीट

मित्रांनो, बसच्या पुढच्या दाराजवळ खांबाला लागून जी एकटी सीट असते ना, ती मी. आता जुनी झाले आहे. कारखान्यात माझ्यावर निळं रेक्झिन ताणून बसवलं, तेव्हा कारागीर स्वतःच माझ्यावर बसून बघत म्हणाला होता, "झकास!" पुढे कुणी मला नखांनी टोकरलं, कुणी माझ्यावर नावं कोरली. त्याचं दुःख झालंच, पण मला खरं कोडं पडायचं ते वेगळंच. माझ्यासाठी धावत येणारी, धक्काबुक्की करणारी माणसं कधीकधी आपणहून का उठतात?

दवाखान्यातली एक नर्स रात्रपाळी संपवून सकाळी गणवेशातच माझ्यावर येऊन बसायची. बसताच चपलांतून पाय सोडवायची. ते सुजलेले असायचे.

एके दिवशी एक वयस्कर गृहस्थ चढले. चित्रकला शिकवून निवृत्त झालेले मास्तर. दोन्ही हातांनी खांब धरून ते कसेबसे उभे राहिले. नर्स उठली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आजोबा, बसा इथे."

"मी तुमचा आजोबा कधीपासून झालो?" मास्तर म्हणाले. "उभं राहता येतं मला."

मागे कुणीतरी हसलं. नर्स खाली मान घालून परत बसली. पुढच्या वळणावर मास्तरांचा तोल गेला. ते पडतापडता वाचले. तिचा हात सावरायला पुढे झाला आणि तसाच मागे आला.

मला वाटलं, आता ही बाई पुन्हा कुणासाठी उठायची नाही. पण दुसऱ्या दिवशी मास्तर चढताना दिसले, तशी ती काही न बोलता उठली आणि उतरायचं असल्यासारखी दाराकडे गेली. रिकामी जागा बघून मास्तर बसले. सगळा भार त्यांनी एकदम माझ्यावर सोडला. ते फक्त मला कळलं.

स्टॉप आला. ती उतरली नाही. पुढचाही गेला. मास्तर तिच्याकडे बघत राहिले आणि मग हळूच म्हणाले, "सिस्टर, तुमचा स्टॉप अजून लांब आहे ना?"

"रात्रभर बसूनच होते. जरा पाय मोकळे करतेय," ती म्हणाली.

तिच्या पायांकडे बघून मास्तरांना काय ते समजलं. "काल मी उगाच चिडलो," ते म्हणाले. "कुणी जागा दिली की वाटतं, आपलं संपलं आता."

"बसल्यानं कुठे काय संपतं? मी तर रोज बसते," ती म्हणाली. दोघंही हसले.

बाजारचा स्टॉप गेल्यावर मास्तर खांबाला धरून उठले. म्हणाले, "आता तुमची पाळी." मला वाटलं, ती नको-नको म्हणेल. पण ती सरळ बसली. त्या दिवसापासून अर्धा रस्ता त्यांचा, अर्धा तिचा, असं ठरूनच गेलं.

माणसं का उठतात, हे मला अजूनही पुरतं कळलेलं नाही. पण मित्रांनो, कुणासाठी उठाल तेव्हा गाजावाजा करू नका. कोण किती दमलंय हे चेहऱ्यावरून ठरवू नका. आणि कुणी तुमच्यासाठी उठलं, तर नाही म्हणू नका. त्याला उठल्याचं समाधान मिळू द्या आणि निवांत बसा.