कावळ्यासमोर दिलेला शब्द

सांगलीच्या प्रेस्बिटेरियन ख्रिस्ती मंडळीचा पाळक नाथाजी स्कॉटलंडविषयी बोलू लागला की थांबायचा नाही. तिथल्या लोकांनी राजानं नेमलेले बिशप झुगारले, मंडळीचा कारभार निवडलेल्या वडिलांच्या, म्हणजे पंचांच्या, हाती दिला, तीच आपली रीत, एकट्याची मर्जी आपल्यात चालत नाही, असं छाती काढून सांगायचा. त्याचा बाप रहिमतपूरच्या गावकुसाबाहेर पाटलाच्या मर्जीवर जगला होता. पोराला याचं अप्रूप वाटणारच.

जर्मनची लढाई संपली त्या साली नाथाजीचा मामा वारला. आई अंबूबाई दहाव्याला माहेरी गेली. माहेर अजून हिंदूच होतं. कावळा काही पिंडाला शिवेना. मामाच्या मागे एकच आंधळी लेक होती. अंबूबाईनं हात जोडून सांगितलं, "दादा, पोरीला मी सांभाळीन." कावळा शिवला. पोरीचा हात धरून ती सांगलीला परतली.

बातमी तिच्याआधीच पोचली होती. ख्रिस्ती बाईनं पिंडापुढं हात जोडले, म्हणून वडीलमंडळींनी तिला प्रभुभोजनातून, म्हणजे देवळात प्रभूच्या नावानं भाकर वाटतात त्यातून, बाजूला केलं. चुकले एवढं म्हणावं, पुन्हा घेऊ. हा निकाल नाथाजीलाच वाचावा लागला. अंबूबाई चुकले न म्हणताच घरी गेली.

पुढं तिनं अंथरूण धरलं आणि प्रभूची भाकर मागितली. नाथाजी वडिलांमधल्या थोरल्या जोतीराम मास्तरांकडे गेला. मास्तर काही दगड नव्हते, त्यांचेही डोळे भरले. पण ते म्हणाले, पाळकानं आईसाठी रीत मोडली, तर उद्या दुसऱ्याच्या आईला कुठल्या तोंडानं अडवायचं? हे नाथाजीनंच त्यांना शिकवलं होतं.

तो आल्या पावली परतला आणि आईजवळ बसला. एकदा चुकले म्हण, अशी गयावया केली.

"तसं म्हटलं तर भावाला दिल्याला शबुद खोटा पडंल," अंबूबाई म्हणाली. "पोरगी हितंच बसलीया. ऐकतीया."

मग मात्र नाथाजी पेटला. जाऊ दे रीत चुलीत, असं ठरवून त्यानं भाकर हातात घेतली, प्रार्थना केली, तुकडा मोडला. पण तो पुढं करण्याआधी त्यानं दाराकडे वळून पाहिलं. आईनं ते पाहिलं.

"ऱ्हाऊ दे, बाळा. माज्यापायी तुजी मान खाली नगं."

तिनं तोंड भिंतीकडे वळवलं. दुसऱ्या दिवशी ती गेली.

आईच्या दुःखानं पाळक खचला, असं मंडळी म्हणू लागली. नाथाजी ऐकून घ्यायचा. आई नको म्हणाली, तेव्हा आपल्याला हायसं वाटलं होतं, हे तो कुणाला सांगणार?