नवी दांडी

“सुमती! अगं खाली ये लवकर! गुरुदत्तच्या हाताला लागलंय!”

जिन्यातून शेजारच्या कालिंदीकाकूंची ती हाक वर आली, तेव्हा सुमती संक्रांतीचा उरलेला तिळगूळ डब्यात भरत होती. त्याला आता वर्ष होत आलं होतं. तरी जिन्यात कोणी मोठ्याने बोललं की ती हातातलं टाकून दाराशी जाई, आणि कालिंदीकाकू तर नळाला पाणी आलं हेही मोठ्यानेच सांगत.

त्या दिवशी मुंबई महाराष्ट्राला मिळावी म्हणून सगळं गिरगाव रस्त्यावर उतरलं होतं. ठाकूरद्वारच्या नाक्यावर एकदम पळापळ झाली. लोंढा मागे फिरला, त्यात सुमतीचा नवरा गुरुदत्त ढकलला गेला आणि त्याचा डावा हात पानवाल्याच्या आरशातून आरपार गेला. टाके पडले, टाके निघाले. जखम भरली. मनगटावर एक पांढरी रेघ राहिली, घट्ट बांगडीचा वळ राहावा तशी. “बोटं हलतायत ना?” डॉक्टर म्हणाले होते, “मग बाकीचं येईल हळूहळू.”

बाकीचं म्हणजे काय, हे सुमतीने तेव्हा विचारलं नाही. गुरुदत्त ‘येतंय, येतंय’ म्हणत राहिला आणि विचारायचं राहूनच गेलं.

दिवसा तो बँकेत असे. पण त्याचा खरा दिवस संध्याकाळी उजाडे. मित्राच्या, हेरंबच्या, वाद्यवृंदात तो विजेची गिटार वाजवायचा. ही गिटार दुकानातली नव्हती, घरची होती. त्याचे वडील, तात्या, सरकारी कचेरीत इमारतींचे नकाशे काढून निवृत्त झालेले. एका विलायती मासिकातलं चित्र बघून त्यांनी गिटारचाही नकाशा काढला, सागवानाची फळी कापली, आणि मागून चार स्क्रू मारून तिला तारा दाबायची लांब दांडी बसवली. तारांखाली लोहचुंबकाची डबी होती. तिची वायर रेडिओच्या मागे, ग्रामोफोन जोडायची भोकं असतात त्यांत घालायची. मग रेडिओतून बातम्यांऐवजी गुरुदत्त बोलायचा. सुमतीला स्थळ म्हणून दाखवायला आणलं, तेव्हा तो असाच बोलला होता. तोंडाने मात्र चहा घेता का, एवढंच.

पावसाळा सरला आणि त्याने बऱ्याच दिवसांनी गिटार उचलली. सूर बसके निघाले. काही तारा नुसत्या झणझणल्या, काही दबून गेल्या. त्याने गिटार खाली ठेवली आणि म्हणाला, “दांडी वाकलीय, तात्या. पावसाने.”

तात्यांनी लोखंडी पट्टी आणून दांडीवर उभी धरली, दिव्याकडे करून एक डोळा मिटला. “केसभर आहे खरी,” ते म्हणाले. असं म्हणताना त्यांचा चेहरा उजळला. मुलाच्या हाताचं त्यांना काही करता आलं नव्हतं. लाकडाचं करता येत होतं.

त्याच दिवसापासून गॅलरीत रंधा फिरू लागला. जुन्या कपाटाच्या चौकटीचं सागवान, त्यावर शिसवीची पट्टी, पट्टीत करवतीच्या बारीक खाचा, आणि त्या खाचांत ठोकून बसवलेले, सतारीला असतात तसे पितळी तारेचे पडदे. भुसा सुमतीच्या केसांत, ताकात, देव्हाऱ्यात. तात्या जेवताना गुणगुणायचे. सासूबाई गेल्यापासून त्यांना गुणगुणताना तिने ऐकलं नव्हतं.

आणि सुमतीला त्या गुणगुणण्याचीच भीती वाटू लागली होती.

कारण तिने पाहिलं होतं. गुरुदत्त शर्टाची बटणं आता बघून लावायचा. पूर्वी सुट्टे पैसे खिशातल्या खिशात ओळखून आणा काढून द्यायचा, आता मूठभर बाहेर काढून पसरायचा. एकदा तिने गरम वाटी त्याच्या डाव्या हाताशी ठेवली आणि तो तर्जनी, मधलं बोट वाटीला टेकवून तसाच वर्तमानपत्र वाचत बसला. तिनेच वाटी सरकवली. त्याने वर पाहिलं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि मग त्याने तिला कुणाची सभा चौपाटीवर होणार आहे ते वाचून दाखवलं. ती म्हणाली, हो का.

कधीकधी पोळ्या लाटताना तिच्या मनात आपोआप ओवी जुळायची. तिची आई पनवेलकडची, जात्यावर वाढलेली, त्यामुळे सुमतीचं दुःख आधी चालीत यायचं आणि मग कळायचं.

सरल्या ग राती, दारी पहाटेचा वारा
माझ्या राजसाच्या हाती, कोणी बसविला पहारा

ती ओवी तिने कधी ओठांवर येऊ दिली नाही.

मग हेरंबचा निरोप आला. नाताळाच्या आठवड्यात तीन कार्यक्रम आहेत, गिटारीला माणूस हवा. रविवारी सकाळी मी स्वतः येतो, गुरूचं ऐकतो. तो वाजवणार असेल तर उत्तम, नाहीतर भोईवाड्यातल्या एका मुलाला शब्द द्यावा लागेल. आणि एकदा शब्द दिला की त्या पोराला काढायचं कोणत्या तोंडाने?

रविवारी हेरंब आला तो चपला काढायच्या आधीच सुरू झाला. “काय तात्या! मुहूर्त काढलाय का दांडीचा? मुंज करायची की थेट लग्न?”

“तू आधी बूड टेक. तुझ्या पायाखाली माझी कानस आहे.”

“वहिनी, हे असं स्वागत! एवढ्या लांबून परळहून आलो, तर कानस.”

“चहा ठेवलाय,” सुमती म्हणाली. तिचे हात गार पडले होते. डिसेंबर होता, पण गिरगावात हात गार पडावेत एवढा नव्हे.

गुरुदत्त खिडकीशी बसला होता, डावा हात मांडीखाली दाबून. तात्यांनी जुन्या तारा सैल करून काढल्या, गिटार पालथी केली आणि चार स्क्रू एकेक करून फिरवले. शेवटचा निघाला तशी जुनी दांडी खट्ट करून सुटली. ती त्यांनी भिंतीशी उभी ठेवली. नवी दांडी खाचेत बसवली, हलवून पाहिली. किंचित खाली झुकत होती. पोस्टकार्डाची एक पट्टी कापून खाली सरकवली. “आता सुमती, हे धर.” शिवणाचा दोरा त्यांनी तारा टेकतात त्या घोडीपासून दांडीच्या टोकापर्यंत ताणला. दोरा मधोमध आला तर दांडी सरळ.

सुमतीने टोक धरलं. दोरा थरथरत होता.

“श्वास घेऊ नकोस,” तात्या म्हणाले.

“घेतच नाहीये.”

“सरळ आहे!” हेरंब ओरडला. “तात्या, तुम्ही सरळ, दांडी सरळ. या घरात वाकडा एक तुमचा पोरगाच.”

गुरुदत्त हसला. त्याच्या वरच्या ओठावर घाम होता, तो फक्त सुमतीला दिसला.

स्क्रू घट्ट झाले, तारा चढल्या. तात्या एकेक चावी पिळत होते आणि तार कुरकुरत वर जात होती. तुटेल, तुटेल असं सुमतीला प्रत्येक वेळी वाटलं. तुटली असती तर बरं झालं असतं, असंही एकदा वाटलं, आणि तिची तिलाच लाज वाटली. खालून प्रभातफेरी गेली. डफ आणि तुणतुणं वळणाआड गेलं तरी घोषणा बराच वेळ वाडीत घुमत राहिली. रेडिओ लावला होता, तो तापायला नेहमीसारखा वेळ घेत होता. त्याच्या काचेतल्या दिव्याचा हिरवा डोळा हळूहळू उघडला.

“हं. वाजव,” हेरंब म्हणाला. आता तो हसत नव्हता.

गुरुदत्तने गिटार मांडीवर घेतली. मोकळी तार छेडली. खोलीभर सूर पसरला, असा भरीव की गॅलरीतल्या कालिंदीकाकू “अगंबाई!” म्हणाल्या. तात्यांनी डोळे मिटले.

मग त्याने डाव्या हाताची बोटं ठेवली. पूर्वी तो खिडकीबाहेर बघत वाजवायचा, आता मान खाली घालून बोटांकडे बघत होता. पहिला सूर लागला. दुसरा झणझणला. तिसरा निघालाच नाही, बद्द झाला. त्याने बोट सरकवलं, जास्त दाबलं, पडद्याच्या भलत्या बाजूला. पुन्हा बद्द.

हेरंबने कप खाली ठेवला.

“थांब, थांब,” तात्या म्हणाले. “पडद्यांची टोकं असणार. ही वरची बाजू घासली मी नीट. त्या खालच्या बाजूला काल दिवेलागण झाली आणि मला धड दिसेना. टोकं टोचत असतील म्हणून हात मोकळा पडत नाहीये याचा. हो की नाही? गुरू, बोट फिरव त्या कडेवरून. जिथं टोचेल तिथं थांब, मी खूण करतो.”

तात्यांनी पेन्सिल कानावरून काढली.

गुरुदत्तने गिटार जरा कलती केली. मग त्याने तर्जनी आणि मधलं बोट दांडीच्या कडेला लावलं आणि वरपासून खालपर्यंत फिरवलं, जोर लावून, सगळ्यांना दिसेल असं.

“नाही,” तो म्हणाला. “कुठंच टोचत नाही. गुळगुळीत आहे.”

“गुळगुळीत?” तात्यांचा आवाज खुलला. “मग काय असेल बरं? पडदेच उंच झाले असतील. हेरंब, तू बुधवारपर्यंत थांब. मी सगळे पडदे उपटतो, पुन्हा बसवतो. नाहीतर दुसरी दांडी करतो, कपाटाची दुसरी चौकट आहे अजून.”

सुमती पाहत होती. नव्या, पॉलिश न केलेल्या सागवानावर एक लाल रेघ उमटली होती. पडद्यापडद्यापाशी ती जाड होती. गुरुदत्तच्या बोटांच्या टोकांवर थेंब जमत होते आणि तो हेरंबकडे बघत होता.

“अहो,” ती म्हणाली.

“काय?”

तिने पुढे होऊन पदराच्या टोकात त्याची बोटं धरली. त्याने खाली पाहिलं, पदराकडे, लाकडाकडे. हेरंबनेही पाहिलं आणि नजर दुसरीकडे वळवली.

तात्यांना आधी कळलं नाही. मग रक्त दिसलं, आणि त्यांनी भलताच अर्थ घेतला. “अरे देवा. लागलं? म्हणजे टोकं राहिलीच! माझीच चूक. डोळे गेले माझे, दुसरं काय. एवढं साधं काम, आणि पोराचं बोट कापलं. सुमती, टिंक्चर बघ. माझी कानस कुठाय, हेरंब, ऊठ जरा.” ते गुडघ्यांवर बसून चटईखाली चाचपडू लागले. “या हातांना आता काही जमत नाही. मी उगाच हौस केली. दुकानातून आणायला हवी होती दांडी.”

“तात्या.”

“पाच मिनिटं दे मला, घासून देतो.”

“तात्या, कानस राहू दे.” गुरुदत्तने गिटार बाजूला ठेवली. सुमतीच्या पदरातून हात मात्र काढला नाही. “तुमचे हात ठीक आहेत. दांडी छान झालीय. जुनीही छान होती, केसभर वाकली असेल, तेवढ्याने सूर अडत नाही. मी खोटं सांगितलं तुम्हाला.”

तात्या चटईची कड हातात धरून थांबले.

“ही दोन बोटं मला कळतच नाहीत, तात्या. तार आहे की नाही, गरम की गार, काहीच नाही. त्या दिवसापासून.”