शुभदाचा नारिंगी ईअरमफ

मी एक जुना ईअरमफ आहे, मित्रांनो. रंगाने नारिंगी, वयाने आठ वर्षांचा आणि स्वभावाने जरा घट्ट. मला पाहिलं की शंभरातले नव्वद जण विचारतात, “कोणतं गाणं लावलंय?” म्हणून आधीच सांगून टाकतो, माझ्यातून गाणं वाजत नाही. मला वायर नाही, बॅटरी नाही, बटण नाही. दोन वाट्या, आत फोम आणि डोक्यावरून जाणारी एक पट्टी, एवढाच माझा संसार. बाहेरचा आवाज कमी करणे हे माझं काम. या जगात आवाज करणारे उदंड आहेत, कमी करणारे थोडे.

आमच्या खोक्यात आम्ही बारा भावंडं होतो. मीरा रोडला एका टॉवरचं बांधकाम चाललं होतं, तिथल्या कंत्राटदाराने आम्हाला एकगठ्ठा नेलं. मला वाटलं, आता आपल्या हातून काहीतरी मोठं होणार. कसलं काय! तपासणीचे साहेब येणार म्हटलं की मुकादम ओरडायचा आणि आम्ही बारा जण बारा डोक्यांवर चढायचो. साहेबांची गाडी फाटकाबाहेर पडली की पुन्हा पिशवीत. पाच वर्षांत मी मोजून नऊ वेळा डोक्यावर बसलो. माझी पिशवी होती ईश्वरची. तो दिवसभर ड्रिल मशीन चालवायचा, आणि मी त्याच्या डब्याशेजारी चटणीचा वास घेत पडून असायचो.

टॉवर झाला. ईश्वर घरदुरुस्तीची कामं घेऊ लागला. असाच तो भाईंदर पूर्वेला, नवघरमधल्या एका सोसायटीत चौथ्या मजल्यावर भिंतीला भोकं पाडत होता. दुपारची वेळ. दारात एक पंचविशीची मुलगी येऊन उभी राहिली. एका हातात सोसायटीच्या नियमांचा कागद, दुसरा हात कानावर. हीच शुभदा. खालच्या मजल्यावर राहणारी.

“दो से चार काम बंद रखने का नियम है,” ती म्हणाली. “अभी दो बजके सात मिनट हुए हैं.”

“मॅडम, सेठ बोला आज ही पूरा करने का. दोच होल बाकी है.”

ती भांडली नाही. तिथेच सिमेंटच्या गोणीवर बसली आणि डोळे मिटून दोन्ही कान दाबून धरले. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. ईश्वर घाबरला. त्याने मशीन खाली ठेवलं, पिशवीतून मला काढलं, गमछ्याने पुसलं आणि तिच्यापुढे धरलं. “ये पहनो. हम तो वैसे भी नहीं पहनते.”

मी तिच्या कानांवर बसलो, आणि तिचे खांदे हळूहळू खाली आले. मित्रांनो, त्या दिवशी मला कळलं की मी कशासाठी जन्मलो आहे.

“आप क्यों नहीं पहनते?” तिने विचारलं.

“आदत हो गया, मॅडम. साहब लोग आते हैं तभी पहनते हैं.”

शुभदाला हे उत्तर पटलं नाही. न पटलेलं उत्तर तिच्या डोक्यात खड्यासारखं टोचत राहतं. तिने दोन दिवसांत एक नवाकोरा ईअरमफ मागवला आणि वर जाऊन ईश्वरला दिला. मला मात्र परत केलं नाही. मी तिच्या डोक्याला बसलो होतो, आणि एकदा बसलेली वस्तू बदलणं तिच्या स्वभावात नाही. निघताना ईश्वरला बजावून आली, “साहब नहीं आए तो भी पहनने का.”

शुभदाला ऑटिझम आहे. ते तिला तेविसाव्या वर्षी डॉक्टरांनी सांगितलं. कुकरची शिट्टी, मिक्सर, जिन्यातल्या ट्यूबलाइटची गुणगुण, हे सगळं तिच्या कानांत एकाच वेळी आणि एकाच जोरात घुसतं. ती घरी बसून पुस्तकांची प्रुफं तपासते, आणि फोनवर ‘आवाज जरा कमी’ नावाचं एक पान चालवते. पानावर रोज काही ना काही लिहिते. लिहिलेलं टाकण्याआधी तीनदा मोठ्याने वाचायची तिची पद्धत आहे, त्यामुळे तिचा पहिला श्रोता मीच.

आणि काय लिहिते म्हणून सांगू! एकदा लिहिलं: “‘जेवलीस का?’ हा प्रश्न नसून नमस्कार आहे, हे मला एकविसाव्या वर्षी कळलं. तोपर्यंत मी किती पोळ्या खाल्ल्या ते सांगत होते.” दुसऱ्यांदा लिहिलं: “शेजारच्या काकू म्हणाल्या, ये गं कधीतरी घरी. मी मंगळवारी अडीच वाजता गेले. त्या झोपल्या होत्या. आता त्या कधीतरी ये म्हणत नाहीत.” आणि एकदा, जरा रागावून: “ऑटिझम असलेल्या आम्हाला मराठीत स्वमग्न म्हणतात. मला जिन्यातली ट्यूब ऐकू येते, खालच्या कुत्र्याची धाप ऐकू येते, आईचा न बोललेला राग ऐकू येतो. स्वतःत मग्न असलेल्या माणसाला यातलं काय ऐकू येतं?”

पहिल्या महिन्यात सतरा जण वाचायचे. आता नऊ हजारांवर गेले आहेत. कुणी लिहितं, माझा मुलगा असाच आहे. कुणी लिहितं, मीच अशी आहे, पण घरी सांगितलेलं नाही. शुभदा प्रत्येकाला उत्तर देते, आणि त्या वेळी तिच्या डोक्यावर मी असतो. सांगा बरं, माझी छाती का फुगू नये?

पण दिव्याखाली अंधार म्हणतात तसं झालं होतं. हे पान तिच्या आईने कधी उघडून पाहिलं नव्हतं. ममताताई प्रेमळ बाई. नवरा गेल्यावर दोन्ही मुलांना एकटीने वाढवलं. पण त्यांना लोकांचं भय फार. मला त्या ‘ते डबडं’ म्हणायच्या. “बाहेर जाताना ते डबडं घालू नकोस गं, लोक बघतात.” मला वाईट वाटायचं. शुभदालाही वाटत असणार, पण ती फक्त म्हणायची, “लोकांना डोळे आहेत, ते बघणारच.”

अशात शुभदाच्या मोठ्या भावाचं, दिपेशचं, लग्न ठरायच्या बेतात आलं. मुलगी नीलम, भाईंदर पश्चिमेची. दोघांनी एकमेकांना पसंत केलं होतं. शुभदाचं सगळं दिपेशने नीलमला पहिल्याच भेटीत सांगितलं होतं, पण तिच्या घरच्या थोरांच्या कानावर अजून काही गेलं नव्हतं. राहिला होता मुलीच्या आईवडिलांनी घर बघायला यायचा कार्यक्रम. तो नीट पार पडला की सुपारी फुटणार.

ममताताईंना याद्या करायची सवय. जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदावर त्यांनी यादी केली आणि फ्रिजला चिकटवली. पंखे पुसणे. बाथरूमचा गळका नळ, प्लंबर. नवे कप काढणे. आणि शेवटी, ‘डबडं दिवाणात ठेवणे’.

“दोन तासांचा तर प्रश्न आहे, शुभू,” त्या म्हणाल्या. “दादाच्या लग्नासाठी एवढं करशील ना? आणि ते तुझं फोनवरचं लिहिणं, ते पण नको बोलूस त्यांच्यासमोर.”

“विचारलं नाही तर नाही बोलणार,” शुभदा म्हणाली. ती खोटं बोलत नाही, त्यामुळे वचन देताना फार जपून देते.

रविवारी सकाळी मी दिवाणाच्या पोटात, रजईखाली, स्टीलच्या पातेल्याशेजारी जाऊन पडलो. वरून झाकण बंद झालं. पिशवीतली ती पाच वर्षं आठवली आणि फार कोंडल्यासारखं झालं. स्वतःपेक्षा मला तिची काळजी होती. आज तिच्या कानांवर कोणीच नव्हतं.

पाहुणे आले. नीलमचे वडील आत्माराम आणि आई सुलूताई. ममताताईंनी त्यांना अगत्याने दिवाणावरच बसवलं, म्हणजे थेट माझ्या डोक्यावर! घाईत दुसरं काय होणार.

“चहा घेणार की कॉफी?” ममताताईंनी विचारलं.

आत्मारामांनी हसून मान हलवली.

“प्रवासात त्रास नाही ना झाला?”

पुन्हा तीच हसरी मान. ममताताईंना वाटलं, आपला आवाज पोचत नाही. त्यांनी आवाज वाढवला. मग दिपेशने वाढवला. सुलूताई नवऱ्याच्या कानाशी वाकून प्रत्येक वाक्य दुप्पट जोरात सांगू लागल्या. तेवढ्यात आत कुकरने शिट्टी दिली आणि शेजारी कोणाचा तरी मिक्सर सुरू झाला. शुभदा पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आली होती. ट्रेमधले चमचे वाजू लागल्याचं मला आतून ऐकू आलं. मित्रांनो, मी काय करणार? मला हात नाहीत, पाय नाहीत. इतकं असहाय मला कधी वाटलं नव्हतं.

ट्रे टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. आणि मग तिचा, सरळ आणि शांत.

“मावशी, जरा उठता का? तुम्ही माझ्या ईअरमफवर बसला आहात.”

नेमका तेव्हाच मिक्सरही थांबला. पाहुणे गडबडून उठले, दिवाणाचं झाकण वर गेलं, पातेलं खणखणलं आणि उजेड आत आला. शुभदाने मला उचललं आणि कानांवर चढवलं. समोर ममताताई उभ्या होत्या. पदर तोंडाशी. ठरत आलेलं लग्न डोळ्यांदेखत मोडलं, असंच त्यांना वाटलं.

आत्माराम मात्र माझ्याकडेच बघत होते. ज्यांना ऐकू कमी येतं त्यांचा आवाज मोठा असतो. त्या मोठ्या आवाजात ते म्हणाले, “हा कुठं मिळाला तुला, पोरी? तू पण मशीनवर कामाला आहेस काय?”

शुभदाला ओरडून बोलणं जमत नाही, आणि त्यांना हळू बोललेलं ऐकू येत नाही. तिने फोन काढला, मोठ्या अक्षरात लिहिलं आणि त्यांच्यापुढे धरलं: “नाही. मला ऑटिझम आहे. मोठ्या आवाजाचा त्रास होतो. प्रुफं तपासते आणि माझ्या पानावर लिहिते.”

“काय लिहितेस? बघू.”

आता विचारलं होतं. तिने पान उघडून दिलं. सगळ्यात वर आदल्या दिवशीचं लिखाण होतं. आत्मारामांनी चष्मा लावला आणि आपल्या त्या खणखणीत आवाजात वाचायला लागले. सगळ्या घराला ऐकू जात होतं.

“उद्या आमचं घर बघायला पाहुणे येणार आहेत. आईने यादी केली आहे. पंखे पुसून झाले. नळाला प्लंबर येऊन गेला. शेवटी राहिले मी. माझ्यात दुरुस्त करण्यासारखं काही नाही. आई म्हणते, दोन तासांचा तर प्रश्न आहे. मीही तेच म्हणते. दोन तासांचा तर प्रश्न आहे. तेवढा वेळ मी आहे तशीच दिसले तर काय बिघडेल? आई वाईट नाही. तिला भीती वाटते. मला आवाजाची वाटते, तिला लोकांची. तिच्यासाठी असा ईअरमफ कुठे मिळत असेल, तर कृपया कळवा.”

ममताताई मटकन खुर्चीवर बसल्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

आत्मारामांनी चष्मा काढला. “ममताताई,” ते म्हणाले, “नळ नीट झाला ना?”

आधी दिपेशला हसू फुटलं, मग सुलूताईंना, आणि शेवटी रडता रडता ममताताईंनाही.

“अहो, लपवालपवी आम्ही पण केली,” आत्माराम म्हणाले. “ही मला सांगून आलेली, तुम्हाला ऐकू येत नाही हे कळू देऊ नका, नुसती मान हलवा. अठ्ठावीस वर्षं भांड्यांच्या कारखान्यात प्रेसवर होतो. पत्रा दाबायचो. आम्हालाही हे असले दिले होते. साहेब आले की घालायचो, गेले की खुंटीला. घातले तर बाकीचे हसायचे. लोक काय म्हणतील, म्हणून नाही घातले.” त्यांनी स्वतःच्या कानाला हात लावला. “माझे कान त्या खुंटीवर राहिले.”

मग शुभदाकडे वळून म्हणाले, “तू घातलास. शाबास!”

आयुष्यात मला मिळालेली ती पहिली शाबासकी. दिली होती तिला, पण अर्धी मी ठेवून घेतली.

त्या दुपारी पोहे गार झाले, आणि सुपारी फुटली. पाहुणे गेल्यावर ममताताई स्वयंपाकघरात उभ्या राहून फोनवर किती तरी वेळ वाचत होत्या. मधेच खुदकन हसल्या. म्हणाल्या, “शुभू, त्या काकू खरंच झोपल्या होत्या का गं?” नऊ हजारांत आणखी एक वाचक वाढला होता.

आता मी म्हातारा झालो आहे. माझी एक वाटी सैल झाली आणि फोम फाटून पीठ पडू लागलं. शुभदा नवा घ्यायला तयार होईना. तेव्हा ममताताईंनी आपल्या एका जुन्या मऊ सुती साडीचे दोन गोल तुकडे कापले आणि माझ्या वाट्यांना आतून शिवून दिले. टाके इतके बारीक घातले की शुभदाच्या कानाला एकही टोचत नाही.

मित्रांनो, माझी एक विनंती आहे. तुमच्या घरी माझा कोणी भाऊबंद पिशवीत, खुंटीवर नाहीतर दिवाणात पडून असेल, तर त्याला बाहेर काढा. साहेब येवोत न येवोत, कानांवर घाला. आणि कोणाच्या कानांवर आम्ही दिसलो, तर हसू नका. कोणतं गाणं लावलंय, असंही विचारू नका. विचारायचंच असेल तर विचारा, “आवाज जरा कमी करू का?”

परवा दिपेशचं लग्न आहे. फ्रिजवर नवी यादी लागली आहे, तशाच कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदावर, ममताताईंच्या अक्षरात. हॉलवर न्यायच्या वस्तू: मंगळसूत्र, अंतरपाट, अक्षता, मुंडावळ्या, औक्षणाचं ताट. पण या सगळ्यांच्या वर, अगदी पहिल्या ओळीत, दोनदा अधोरेखित केलेलं आहे: ‘शुभूचा ईअरमफ, आठवणीने’.