बेल्माच्या घरची तिसरी कॉफी

मी एक जुनी तांब्याची जेझवा आहे. जेझवा म्हणजे कॉफी करायचं भांडं. पोट मोठं, मान बारीक, दांडा लांब. मित्रांनो, आमच्या सारायेव्हो शहरात माझ्यावाचून कुठल्याच घराचं पान हलत नाही. पण आधीच सांगून ठेवते, मी धीराची नाही. आत पाणी असो वा नसो, मला सतत उकळी फुटेलसं वाटत असतं. तेव्हा माझी हकिगत मध्येच पुढे पळाली, तर सांभाळून घ्या.

माझा जन्म तांबट आळीत झाला. रेफिक नावाच्या तांबटाने पत्रा ठोकून ठोकून मला घडवलं, आतून चांदीसारखी लखलखीत कल्हई केली, आणि दांडा बसवायला घेतला तेवढ्यात त्याचा फोन वाजला. दांडा वाकडा बसला तो बसलाच. गिऱ्हाइकं मला उचलत, डोळ्यांसमोर धरत आणि परत ठेवत. माझ्या शेजारच्या किती जणी आल्या आणि विकल्या गेल्या! मी मात्र अकरा वर्षं फळीवर, आणि तीही कोरडी. माझ्यासारखीला अकरा वर्षं नुसतं बसून राहणं काय असतं, ते तुम्हाला सांगून कळायचं नाही.

मग एके दिवशी बेल्मा आली. चोवीस वर्षांची, नुकतीच ट्राम चालवायला लागलेली. पहिला पगार हातात होता आणि त्यातून स्वतःसाठी काहीतरी घ्यायचंच असं तिने ठरवलं होतं.

"ही वाकडी आहे," रेफिकने प्रामाणिकपणे सांगितलं.

"असू दे," बेल्मा म्हणाली. "आमच्या घरी मलाही तेच म्हणतात."

झालं, मी तिची झाले. चौथ्या मजल्यावरची एक खोली, एक खिडकी, एक आखूड सोफा आणि दोन शेगड्यांचा गॅस, एवढा तिचा संसार. पण त्या पोरीला सुख शोधायची दृष्टी होती. सकाळी खिडकीत वीस मिनिटं ऊन येतं, त्या उन्हात ती ओले केस वाळवायची. साखरेचा खडा कॉफीत बुडवून, अर्धा विरघळेपर्यंत थांबून, जिभेवर ठेवायची. कामावरून आली की बूट काढून पायाची बोटं हलवत "आईगं!" म्हणायची, आणि ते ऐकून मलाही बरं वाटायचं. आज सगळे सिग्नल हिरवे लागले, आज एका छोट्या मुलीने खिडकीतून हात केला, आज पावाच्या दुकानात शेवटचा गरम पाव मिळाला, असं काहीबाही ती मला पाण्याखाली धरून सांगायची. माझी कॉफीही तशीच व्हायची, वर जाड साय धरणारी. "तुझ्यासारखी कुणी नाही गं," असं ती म्हणायची तेव्हा मी गॅसवर नसतानाही तापायचे.

एकच खोड होती तिला. तिला बसवत नसे. कॉफी हातात घेऊन खिडकीपाशी, मग दाराशी, मग परत ओट्यापाशी. दिवसभर रुळांवरून जाणाऱ्या मुलीच्या पायांना घरी आल्यावर थांबायचं ठाऊकच नव्हतं. हळूहळू ती घाई मला भोवली. एकदा मला गॅसवर ठेवून ती खाली दूध आणायला गेली आणि मी जळले. तिने तारेच्या घासणीने मला खरवडून काढलं. पुढच्या महिन्यात तेच, त्याच्या पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. तीन वर्षांत माझ्या तळाची कल्हई उडाली आणि आतून लाल तांबं दिसायला लागलं. बेल्माचं तिकडे लक्षच नव्हतं.

आणि त्या तीन वर्षांत तिच्या घरी एक माणूस एकदाही आला नव्हता. तिचे वडील.

रासिम त्राव्हनिक गावच्या शाळेत गणित शिकवत. आता निवृत्त झाले होते. मुलगी औषधशास्त्र शिकत होती, फार्मसी उघडणार होती, आणि तिसऱ्या वर्षी तिने शिक्षण सोडून ट्रामचा परवाना काढला. "तीन वर्षं औषधांची नावं पाठ केलीस ती थांब्यांची नावं घोकायला का?" एवढंच ते म्हणाले, आणि पुढे बोलणं संपलं. ती सणाला घरी गेली की बापलेक हवामानावर बोलत. फोन केला की ते म्हणत, "आईला देतो."

एका बुधवारी आईचाच फोन आला. बेल्माने तो ओट्यावर ठेवला होता, म्हणून मलाही ऐकू आलं.

"उद्या तुझे बाबा येतायत. स्वतःहून बॅग काढलीये त्यांनी. मी काही विचारलं नाही, तूही विचारू नकोस. नाहीतर बिथरतील."

गुरुवारी साडेअकराला रासिम दारात उभे होते. बूट काढले, सपाता घातल्या, खोलीवर नजर फिरवली आणि ओट्यावर बॅग उघडून चीजची बरणी बाहेर काढली. मित्रांनो, मी तिथेच होते. बरणीच्या खाली मला काय दिसलं, सांगू? घडी घातलेला पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा, दाढीचं सामान आणि दात घासायचा ब्रश. म्हातारा राहायला आला होता! बेल्माची पाठ होती. तिला काहीच दिसलं नाही, आणि त्यांनी बॅगेची चेन पटकन ओढून घेतली.

आता आमच्याकडची रीत सांगते, नाहीतर पुढचं समजणार नाही. पाहुण्याला पहिली कॉफी स्वागताची. दुसरी गप्पांची, ती कितीही वेळ चालते. आणि तिसरी निरोपाची. तिसरी समोर आली की पाहुण्याने समजून घ्यायचं आणि टोपी उचलायची. तोंडाने "आता या" असं म्हणायचं पाप कुणाला लागत नाही. बेल्माची आई चिकट विमा एजंटाला असंच घालवायची, हे बेल्माने लहानपणापासून पाहिलेलं. पण ट्रामच्या डेपोत लोक दिवसाला सात-सात कॉफ्या ढोसतात. तिथे कोण मोजतंय?

पहिली कॉफी छान झाली. रासिमनी साखरेचा खडा बुडवला, चावला, एक घोट घेतला.

"बरी झालीये," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून हे म्हणजे शंभरपैकी शंभर.

दुसरी ओतली. बॅगेतून वस्तू काढाव्यात तसे त्यांनी एकेक प्रश्न बाहेर काढले.

"ड्यूटी कितीला तुझी?"

"दोनला, बाबा."

"संपते कधी?"

"आठला."

"मग जेवायला घरीच येतेस?"

"येते की. नाहीतर डेपोत काहीतरी खाते."

"हं." त्यांनी कप बोटांत फिरवला. "नाही, मी काय म्हणत होतो..."

आणि ते थांबले. शब्द जुळवत होते बिचारे. माझा जीव वरखाली होत होता. बोला ना मास्तर, बोला! बॅगेत पायजमा आहे म्हणा! पण ती शांतता बेल्माला सोसवेना. ती उठली, खिडकी लावली, परत उघडली, आणि हातांना काहीतरी काम हवं म्हणून तिने मला उचलून गॅसवर ठेवलं.

मी उकळायला तयार नव्हते, खरंच सांगते. सगळं आयुष्य उकळीसाठी तडफडणारी मी, त्या क्षणी बर्फ व्हायला तयार होते. पण गॅस मोठा होता.

कॉफी त्यांच्या पुढ्यात आली. रासिमनी कपाकडे पाहिलं, मग मुलीकडे.

"तिसरी?"

"घ्या ना बाबा. आमच्याकडे पटकन होते."

त्यांचा चेहरा जराही बदलला नाही. वर्गात मुलाने चुकीचं उत्तर दिलं तरी बदलत नसणार. एका घोटात कप रिकामा करून ते उठले.

"दीडची बस मिळेल मला."

"इतक्यात? बाबा, अजून..."

"नाही, नाही. तुझी ड्यूटी आहे." त्यांनी बॅग उचलली, सपाता भिंतीशी जोडून ठेवल्या आणि जिना उतरून गेले.

बेल्मा दार धरून उभी राहिली. "तीन वर्षांनी आले आणि तासभर बसवलं नाही त्यांना," ती मला धुता धुता पुटपुटली. नळाच्या पाण्यात तिच्या डोळ्यांतलं पाणीही मिसळत होतं. मला इतका राग आला होता की दांड्याने तिला टपली मारावीशी वाटली.

तेवढ्यात शेजारच्या झुमरेताकाकू पालक भरलेली गरम पिटा घेऊन आल्या. थर लावून भाजलेली ती पिटा त्यांनी खास पाहुण्यासाठीच केली होती.

"कुठे गेले तुझे बाबा?"

"गेले. बसलेच नाहीत."

काकूंनी साखरेच्या वाटीत पाहिलं, कपाच्या तळाशी पाहिलं. "किती वेळा केलीस कॉफी?"

"तीनदा. का?"

"अगं वेडाबाई! बापाला हाकलून दिलंस की!"

बेल्माच्या तोंडाचा रंगच उडाला. "काकू, मी मोजलंच नाही."

"तू मोजलं नाहीस, पण ते गणिताचे मास्तर आहेत ना! पळ!"

ती पळाली. हातात मी तशीच, साबणाच्या फेसासकट. चार मजले, दोन चौक, एक लाल सिग्नल, रस्त्यावरचे लोक वळून पाहतायत. बसस्थानकावर त्राव्हनिकची बस सुटायच्या बेतात होती. बेल्मा पायरीवर चढली.

"ताई, भांडी विकायची असतील तर खाली विका," चालक म्हणाला. "माझी वेळ झाली."

"दादा, मीही ट्राम चालवते, वेळ मलाही कळते. एकच मिनिट." आणि ती आतल्या रांगांकडे वळली. "बाबा! ती तिसरी नव्हती!"

रासिम मांडीवर बॅग घेऊन बसले होते. "तिसरीच होती. मी मोजली."

"तुम्ही मोजली. मी नाही मोजली! मला गप्प बसवेना, म्हणून केली. तुम्ही जावं असं मला... अजिबात नाही, बाबा."

सगळी बस ऐकत होती. मागून एक आजी म्हणाल्या, "उतरा हो भाऊ, पोरगी धापा टाकतेय."

"तिकीट काढलंय मी," रासिम पुटपुटले.

"संध्याकाळपर्यंत चालतं तिकीट," चालकाने वैतागून सांगितलं. "उतरा, नाहीतर मला उशीर!"

ते उतरले. पण माणूस मानी. "पाचची बस धरीन," एवढंच म्हणाले. आणि बेल्मालाही "राहा" म्हणायचा धीर झाला नाही. नाही म्हणाले तर, याची तिला भीती. दोघांच्या मध्ये मी, पायजम्याचं गुपित पोटात घेऊन. मित्रांनो, भांड्याला तोंड असतं पण वाचा नसते, याचं एवढं दुःख मला कधी झालं नव्हतं.

दोनला बेल्माने ट्राम ताब्यात घेतली. रासिम सर्वांत पुढच्या बाकावर बसले, मांडीवर बॅग आणि बॅगेवर मी. समोर पाटी होती: चालकाशी बोलू नये. त्या पाटीने म्हाताऱ्याला केवढं बरं वाटलं! आता बोलायचं ओझं नव्हतं, नुसतं बघायचं होतं. बाळाची गाडी ढकलत एक बाई पळत येत होती, बेल्माने तिच्यासाठी दार धरून ठेवलं. वळणावर ट्राम अशी वळवली की उभ्या आजोबांची काठीसुद्धा हलली नाही. रासिमनी शेजारच्या माणसाला कोपर लावलं.

"माझी मुलगी," ते म्हणाले. त्याने विचारलं नव्हतं. पुढच्या थांब्यावर दुसरा माणूस शेजारी बसला, त्यालाही सांगितलं.

मग त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. त्यांनी आत पाहिलं, बोटाने तळ चाचपला आणि भुवया वर चढवल्या. चौकातल्या शेवटच्या थांब्यावर बेल्मा पाच मिनिटांसाठी खाली उतरली, तेव्हा ते म्हणाले, "ब्रेक जरा जोरात लावतेस."

"हो का?"

"आणि हिची कल्हई पार गेलीये. असल्या तांब्यातून कॉफी पितेस? औषधशास्त्राची तीन वर्षं कुठे गेली?"

"रुळांखाली, बाबा."

मास्तर हसले. तीन वर्षांत पहिल्यांदा. "जा, तुझी वेळ झाली. मी कल्हई करून आणतो."

तांबट आळी तिथून दोन पावलांवर. कल्हईवाला भट्टीपाशी मोकळाच बसला होता. त्याने मला फिरवून पाहिलं.

"बसा, काका. अर्ध्या तासात देतो."

रासिम बसले नाहीत. त्यांनी रस्त्याकडे पाहिलं, बॅगेकडे पाहिलं, घसा साफ केला.

"उद्या दिलीत तर नाही का चालणार?"

"उद्या? अहो, भट्टी पेटलेलीच आहे. एवढंसं तर काम."

"नाही, म्हणजे..." त्यांचे कान लाल झाले होते. "उद्या मिळणार असेल, तर मला आज इथे थांबावं लागेल. मुलीकडे."

कल्हईवाल्याने त्यांच्याकडे पाहिलं. मग मला सगळ्यांत वरच्या फळीवर ठेवलं आणि हात पुसले.

"काका, आज फारच काम आहे हो. उद्या दहाच्या आधी हिला हातसुद्धा लावता यायचा नाही."

मी रात्रभर फळीवर राहिले, आतून उघडी, काही न करता. आणि काय आश्चर्य, मला नुसतं बसून राहता आलं! दुसऱ्या दिवशी दहाला बापलेक दोघं मला न्यायला आले. कालचा सोफा किती आखूड होता यावर त्यांचं कडाक्याचं भांडण चाललं होतं.

मित्रांनो, घरातल्या भांड्याला तारेने खरवडू नका, कल्हई गेली की वेळेवर करून घ्या. कधी कुणी बॅग घेऊन तुमच्या दारी आलं, तर आधी समोर बसा आणि "राहताय ना?" असं विचारा. कॉफी मागाहून केली तरी चालते.